फुकटचं टेबल आणि नांदेड पासिंगची गाडी

आरटीओसमोर टेबल टाकून बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते फॉर्मला टाचूनच येतात, सोबत दोन झेरॉक्स!

मी आणि माझ्या मित्रानं, बालाजीनं, लातूरला लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं, ते दुष्काळाच्या साली. शहरात नळाला पाणी यायचं बंद झालं होतं, टँकर आला की दुकानंसुद्धा अर्ध्यावर बंद व्हायची. मी नुकतीच एलएल.बी. झालेले. बालाजीनं बी.कॉम. करून दोन वर्षं एका विमा एजंटाच्या हाताखाली काढलेली. टेबलावर बोर्ड लावला : ‘गाडी नावावर करण्याचे फॉर्म मोफत भरून मिळतील.’ दलालाशिवाय काम होतं, हे एकदा लोकांना दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं.

चार दिवस कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी औशाकडचे एक काका आले.

“किती घेता?”

“काहीच नाही.”

“सरकारी हाव का?”

“नाही.”

“पार्टीचे?”

“नाही हो काका!”

काकांनी बोर्ड पुन्हा वाचला, मला खालून वर पाहिलं. “मग तर लई डेंजर हाव तुम्ही!” म्हणाले आणि सरळ समोरच्या दलालाकडं गेले.

*

त्या दलालाला वाटलं, आम्ही लाचलुचपत खात्याची साध्या वेशातली माणसं. तो रोज दोन चहा पाठवायचा. मी तत्त्व म्हणून घेत नव्हते. बालाजी माझाही प्यायचा.

आठवड्यानं तो स्वतः आला. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, “ताई, खरं सांगा. कुठल्या खात्याचे?”

“कुठल्याच नाही. लोकांची अडवणूक थांबावी म्हणून बसलोय.”

त्याचा चेहरा पडला. “एवढं शिकून फुकट? आईबापाला माहीत हाय का?”

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद!

*

मग निर्मलाबाई आल्या. किनवटला मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका होत्या, नुकतीच लातूरला बदली झालेली. मिस्टर नांदेडला विष्णुपुरीकडं एका कॉलेजात प्रयोगशाळेत होते. महिन्यापूर्वी हार्ट अटॅकनं गेले. पांढरी गाडी त्यांच्याच नावावर, आणि गाडी लातुरात धाकट्या दिरांच्या दारात.

“कागद दाखवा,” मी म्हटलं.

बाईंनी पर्समधून आरसी बुक काढलं आणि हातभर लांब धरलं. मी हात पुढं केला, त्यांनी बुक मागं घेतलं.

“वकील आहात ना? मग लांबूनच वाचा.”

मी वाकून वाचलं. विम्याचा कागदही तसाच वाचला. वसतिगृहात दोनशे मुलींच्या पेट्या तपासलेली बाई! तिच्यापुढं आपलं काय चालणार?

बालाजीनं विचारलं, “दीर गाडीचं काय करतात?”

“मागचं सीट काढलंय. पाण्याचे ड्रम वाहतात, हॉटेलांना विकतात.”

बालाजीचा चेहरा गंभीर झाला. “बाई, खाजगी गाडीचा विमा धंद्याला चालत नाही. वर तो गेलेल्या माणसाच्या नावावर. उद्या तुमच्या दिरांनी कोणाला धडक दिली तर कंपनी हात वर करील. नोटीस येईल मालकाच्या वारसांना.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला. आणि तुमच्या मुलीला.”

मुलगी बारावीला होती. बाईंनी आरसी बुक टेबलावर ठेवलं. त्यावरचा हात मात्र काढला नाही.

“गाडीची मला हौस नाही. पण माझ्या लेकीच्या नावानं नोटीस येता कामा नये. करा नावावर.”

*

गाडी घेतानाच एकरकमी कर भरलेला होता. वारसाच्या नावावर करताना तो पुन्हा लागत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. बाई मान डोलवायच्या आणि समोर दलालाला विचारून यायच्या.

“तो म्हणतो लागतो.”

“तो म्हणणारच!”

“पण तो पैसे घेऊन सांगतो. तुम्ही फुकट सांगता. मी कोणाचं खरं मानू?”

शेवटी खिडकीवर नेलं. आतल्या बाबूंनी सांगितलं, “नाही लागत.” बाईंनी त्यांच्याकडंही संशयानं पाहिलं. “लिहून द्याल?”

विम्याचंही तेच. इतकी वर्षं अपघात नाही म्हणून मिळत आलेली हप्त्यातली सूट नवरा गेल्यावर बायकोला मिळू शकते, असं बालाजीनं सांगितलं.

“माणूस गेल्यावर आजवर कोणी सूट दिली नाही मला,” बाई म्हणाल्या. “हे का देतील?”

*

गाडी नांदेड पासिंगची, म्हणून तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणायला आम्ही तिघं एसटीनं नांदेडला गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

“गाडी लातूरला नेणार?”

“हो.”

“तिथं माणसाला प्यायला पाणी न्हाई. सगळे लातूर सोडून राहिले आणि तुम्ही गाडी घेऊन चाललात! खरं कारण काय?”

आमच्या मागं उदगीरकडचा एक माणूस रांगेत होता. तो म्हणाला, “ताई, घाई नका करू. उदगीर नवा जिल्हा होऊन राहिला. नंबर बदलंल, मग पुन्हा सगळं करावं लागंल. माझीबी गाडी नांदेड पासिंगचीच, मी त्याच्यासाठीच थांबलोय.”

“किती दिवस झाले?”

“गाडी घेतली तेव्हापास्नं. आता ती भंगारात काढायची म्हणून ना-हरकत न्यायला आलो!”

*

निर्मलाबाईंच्या सासूबाईही वारस, म्हणून त्यांची संमती लागत होती. त्या किनवटच्या अलीकडं एका खेड्यात राहायच्या. वाचता येत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवायचं तर कारणच नव्हतं.

त्यांनी कागद आधी शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतला. मग रेशन दुकानदाराकडून. मग मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला घरी बोलावून. तिघांनी तेच सांगितलं : फक्त गाडी, शेत नाही, घर नाही.

मी म्हटलं, “आजी, आता तरी पटलं?”

“तिघांनी एकच वाचलं,” म्हातारी म्हणाली. “म्हंजी तिघं मिळालेले हायत!”

मी हात टेकले. तेव्हा निर्मलाबाई सासूजवळ खाली बसल्या. म्हातारीनं विचारलं, “ह्यात माझ्या लेकाचं नाव कुठं हाय?”

बाईंनी बोट ठेवून दाखवलं. म्हातारीनं त्या नावाकडं नीट पाहिलं, शाईत अंगठा बुडवला आणि आम्ही “तिथं नाही!” म्हणेपर्यंत बरोब्बर नावावरच दाबला.

दुसरा कागद केला. पहिला म्हातारीनं परत दिलाच नाही.

*

चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. म्हणजे इंजिनाजवळच्या कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची. त्यासाठी दिरांच्या, माधवरावांच्या दारात गेलो. बॉनेट उघडलं तर नंबरवर बोटभर धूळ आणि ऑइल. मी थोडं पाणी मागितलं.

“पाणी?” माधवराव ओरडले. “गाडीला? इथं आंघोळीला न्हाई!”

मागं दोन ड्रम काठोकाठ भरलेले होते. मी थुंकी लावून नंबर पुसला. बालाजी पेन्सिल घासायला लागला, तसे माधवराव त्याच्या खांद्यावरून वाकले.

“चावीचा साचा घेऊन राहिले का तुम्ही?”

“नंबर आहे हो, ठसा!”

“मग एक मलाबी द्या.”

दिला. आम्हाला काय लपवायचं होतं? तो ठसा लावून त्यांनी दुसऱ्याच दिवशी आरटीओत हरकत दाखल केली : ‘गाडी दादाने हयातीत तोंडी मला दिली आहे. वहिनींना गाडी चालवता येत नाही. गाडी माझीच आहे.’

मी रागानं लाल! निर्मलाबाईंनी एवढंच विचारलं, “नावावर करायला चालवता यावी लागते का?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

पण अर्ज अडकला. अधिकारी म्हणाले, दोघांना समोर बसवून ऐकतो, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवस गाडी माधवरावांकडंच, ड्रम भरून, रस्त्यावर! बाई रोज संध्याकाळी टेबलावर यायच्या आणि एकच विचारायच्या, “काही ऐकलं नाही ना?”

*

सुनावणीच्या चार दिवस आधी माधवरावांनी गाडी ठोकली. माणसाला नाही, देव पावला! उभ्या टँकरला मागून. टँकरचा व्हॉल्व्ह तुटला आणि गल्लीभर पाणी. बायका घागरी, पातेली, पोरांच्या बादल्या घेऊन धावल्या. जे सांडलं ते सांडलंच. मग सगळी गल्ली गाडीभोवती जमली. दहा दिवसांनी आलेलं पाणी ते! पोलीस आला नसता तर माधवराव घरी पोचले नसते. त्यांना ठाण्यात नेलं, जबाब घेतला, आणि दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईंना निरोप आला.

बाई एकट्याच ठाण्यात गेल्या. टँकरवाल्याला व्हॉल्व्ह बसवून दिला. अर्ज करून जबाबाची प्रत घेतली. आम्हाला काही बोलल्या नाहीत. आमच्यावर तरी कुठं पूर्ण विश्वास होता!

सुनावणीला माधवराव इस्त्रीचे कपडे घालून आले. मी कलमांची यादी करून आणली होती. अधिकाऱ्यांनी त्यांना आधी विचारलं, “गाडी कोणाची म्हणता?”

“माझी, साहेब. दादानं दिली. सगळी गल्ली साक्षीला हाय.”

मी उठणार, तेवढ्यात बाईंनी मला खाली बसवलं आणि पर्समधून कागद काढला. या वेळी लांब धरला नाही. सरळ साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, “‘सदर गाडी माझी नाही. ती माझ्या वहिनींची आहे. गाडीशी माझा काहीएक संबंध नाही. जे काही असेल ते वहिनींना विचारावे.’ खाली सही. तुमचीच ना?”

माधवरावांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, पालथा करून पाहिला.

“सही माझी हाय, साहेब. पण ते पोलिसाला सांगितलं होतं. खरं थोडंच हाय ते!”

साहेबांनी शिक्का ओढला. निर्मलाबाईंनी हात पुढं केला.

“भाऊजी, चावी.”