मासळीच्या टोपल्याशी शर्यत

दम लागेपर्यंत पळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी नववीत होते आणि शाळेचा जिना चढतानाही मला धाप लागायची, छाती धडधडली की भीती वाटायची. म्हणून रोज सकाळी केशोरीच्या तलावाच्या पाळीवर मोबाइल बघत चालायचे आणि त्यालाच व्यायाम म्हणायचे.

तिथंच ती दिसायची. डोक्यावर ताज्या मासळीचं टोपलं, पदर कमरेला खोचलेला, टोपल्यातलं पाणी कानामागून गळतंय. बाजाराला जाणारी पहिली एसटी गाठायची म्हणून ती पळतच असायची, पण मान जराही हलायची नाही. पहिल्याच दिवशी मला मागं टाकत म्हणाली, "काऊन वं पोरी, इतकी हळू? सासरी जाऊन राहिली का?"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मोबाइल घरी ठेवला आणि तिच्या मागं सुटले. महिनाभर नुसती तिची पाठ पाहिली. मग हळूहळू बरोबरीला आले आणि आम्ही दोघी खिदळत पळू लागलो. बगळे उडायचे, म्हशी बघत राहायच्या. नाव ना तिनं विचारलं, ना मी.

एके दिवशी स्टॉपवर मी तिच्या आधी पोहोचले आणि हसत हसत दगडावर कोसळले. छाती ढोलासारखी वाजत होती, आणि पहिल्यांदाच मला त्या धडधडीची भीती वाटली नाही. मी जिंकले, हे मी येणाऱ्या एसटीलाही ओरडून सांगितलं.

ती आली, घाम पुसला आणि एसटीत चढता चढता म्हणाली, "झालं मंग. उद्या टोपलं तुया डोस्क्यावर."