बंद दाराआडचं बोलणं मामाला पाहिजे

दोन तास लिहायचं टाळतोय. गाडीची चेन बसवली, टपरीवाल्याशी शिळ्या भज्यांवरनं भांडलो, तरी डोकं थंड होईना. आता मामेबहीणच म्हणाली, "नाव घालू नको, बाकी लिही."

नववीतली पोरगी ती, रोज खोली लावून रडायची. मी तिला सांगलीत एका समुपदेशक ताईंकडं नेऊ लागलो. ताई समाजकार्य शिकल्यात, घरातल्याच एका खोलीत बसतात. तिथं ती हळूहळू बोलायला लागली.

आज मामा मागोमाग आला. फौजेतनं रिटायर झालेला माणूस, बुटासकट आत. शाळेत बाईंना प्रगती विचारतात तसं म्हणाला, "काय काय बोलली, सांगा."

ताई म्हणाल्या, "ते तिचं आहे, दादा. तिला वाटलं तर ती सांगेल."

"बाप हाय मी. मग उद्यापासनं येणं बंद." आणि बुलेट काढून गेला. तवापासनं आम्ही दोघं ताईंच्या घरासमोरच्या टपरीवर बसलोय.

लय संताप आलाय. पोरगी रडत होती तवा कुणी विचारलं न्हाई. बोलायला लागली तर सगळ्यांना झडती घ्यायचीय. तुमच्या घरी पण असंच हाय का?

थांबा. समोर मामाची बुलेट परत आली. बूट काढून ताईंच्या पायरीवर बसलाय, बेल काही दाबत न्हाई. बहीण चहा तसाच ठेवून उठली.