गुळावर बेतलेली होडी

हातातला कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावू नका! कारण मी जो घोळ घातलाय ना, तो आमच्या गल्लीत अजून पाहुण्यांना चहाबरोबर दिला जातो.

उद्यमनगरात माझं फायबरचं वर्कशॉप. पाण्याच्या टाक्या, मंडळांच्या देखाव्यातले हत्ती, सगळं करतो. बायको सुनंदा देवगडची. तिच्या वडिलांची शिडाची होडी होती आणि ही शाळकरी असल्यापासून एकटीच ती चालवायची. पुढं वडील गेले, होडी गेली, आणि बाई आमच्या कोल्हापुरात पोरांना गणित शिकवायला लागल्या. अजूनही टीव्हीवर समुद्र दिसला की भाजी निवडता निवडता तिचा हात थांबतो. मला ते बघवत नाही हो! म्हणून ठरवलं, हिला होडी करून द्यायची. गुपचूप.

वर्कशॉपच्या मागं काम सुरू केलं. आत प्लायवूडचा सांगाडा, त्यावर फायबरचं कापड, रेझिनचे थर, वरची कड सागवानी, मधोमध शिडाची काठी. फायबरच्या कुसळांनी अंगाला अशी खाज सुटायची की जेवताना एक हात भाकरीला आणि एक पाठीला!

अडचण एकच होती. होडी लहान. ती पाण्यात किती खोल बसणार, हे माणसाच्या वजनावर ठरणार. आता तुम्हीच सांगा, बायकोला वजन विचारून कोण सुखानं जेवलाय?

मार्ग काढला माझ्या मित्रानं. संपत मुरगूडचा, त्याचं गुऱ्हाळ आहे. म्हणाला, "मर्दा, इचारतोयस कशाला? गाडीवर बसीव की!"

सकाळी सुनंदाला शाळेत सोडायला स्कूटर काढली. मी पुढं, ती मागं. संपत हवा बघायच्या निमित्तानं वाकला आणि मागचं मडगार्ड जिथवर दबलं, तिथं शेजारच्या भिंतीवर सुनंदाच्याच खडूनं रेघ मारली. तिला सोडून आलो. गाडी त्याच जागी लावली, मी पुढं बसलो आणि संपत टेम्पोतल्या गुळाच्या ढेपा मागच्या सीटवर रचायला लागला. रेघेला मडगार्ड टेकलं की झालं. तेवढा गूळ म्हणजे आमची सुनंदा!

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मंगलकाकू बाहेर आल्या.

"काय चाललंय रं? गुळाला फिरवाय न्हेतोयस व्हय?"

होडीचं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत देवगडलासुद्धा कळलं असतं. तोंडाला येईल ते बोललो, "नवस हाय काकू. सुनंदाची गुळाची तुला करायची हाय."

"अगं बाई! काय झालंय तिला?"

"ते न्हाय सांगता यायचं."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो असेन? मला आजही कळत नाही!

आम्ही दोघं गूळ आणि होडी घेऊन मुरगूडच्या तळ्यावर गेलो. होडीत ढेपा ठेवल्या, मी काठावरनं दोरी धरली. अहाहा! अशी सरळ तरंगली की संपतनं शिट्टीच मारली.

घरी आलो तर सुनंदा पलंगावर. भोवती गल्लीतल्या बायका, उशाशी शहाळी. एक तिच्या पायाला तेल चोळतेय, आणि मंगलकाकू डोळे पुसत म्हणतायत, "आमी हाय की पोरी. काय बी काळजी करू नगंस."

बायका गेल्यावर सुनंदानं दार लावलं. "खरं सांगा. मागच्या आठवड्यात मला बाहेर बसवून डॉक्टर तुमच्याशी आत काय बोलले?"

डॉक्टरांना गच्चीसाठी टाकी हवी होती हो! तेच सांगितलं. पण विश्वास कोण ठेवणार? आणि वर मूर्खपणा बघा, म्हणालो, "उद्या मुरगूडला चल, तिथं सगळं कळेल."

तिला वाटलं, वैद्याकडं नेतायत. तिनं रडत भावाला फोन लावला. तो मिळेल ती एसटी धरून सकाळी दारात हजर. "ताई, काय झाला गो तुका?" त्याच्यामागं मंगलकाकू, हातात नारळ. सगळे संपतच्या टेम्पोत बसलो.

तळ्याच्या काठावर मी होडीवरची ताडपत्री ओढली. सुनंदा बघतच राहिली. मग हळूच सागवानी कडेवरनं हात फिरवत गेली, पार टोकापर्यंत. "बाबांच्या होडीला अशीच कड होती," म्हणाली आणि जी रडली! मग एकदम माझ्याकडं वळली. "आणि ह्यासाठी मला मरणाच्या दारात बसवलंत?"

मी खडूची रेघ, गूळ, सगळं सांगून टाकलं, तसा मेव्हणा खो खो हसायला लागला. काकूंनी नारळ फोडला. सुनंदा होडीत बसली, शीड नीट केलं. होडी कशी, ठरवल्यापेक्षा रेघभरही खाली नाही! मी ऐटीत पँट वर दुमडली, म्हणालो, "सरक जरा," आणि आत बसलो.

डाव्या कडेवरनं तळं आत आलं. मग उजव्या. मी बसलो तसाच, ताठ, आणि आमच्यासकट होडी सावकाश खाली गेली. पाणी मांडीएवढंच होतं, पण इज्जत पुरती बुडाली!

संपत काठावरनं ओरडला, "लेका, तुजं वजन कुठं धरलंयस?"

कुठंच नव्हतं! स्कूटरवर दोन्ही वेळा पुढं मीच बसलेलो. होडी केली मी, घासली मी, आणि तिच्यात मी बसणार हे डोक्यातच नाही. काकू म्हणाल्या, "एवढा थोरला बाप्या, सोताच सोताला इसरला?"

होडी उपसली. सुनंदा भिजल्या साडीनिशी एकटीच बसली, दोरी ओढली, वारा शिडात भरला आणि गेली की हो तळ्याच्या मधोमध! वळवते काय, वाकते काय. मी चिखलात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला बसायला जागा नव्हती याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

परत काठाला लागली तेव्हा तोंडभर हसत होती. "आता दोघांची करा. बोला, तुमचं वजन किती?"

मी पोट आत ओढलं. आणि दहा किलो कमी सांगितलं!

सुनंदानं माझ्याकडं नीट बघितलं. मग काकूंकडून पर्स घेतली, त्यातनं खडू काढला आणि संपतला विचारलं, "भावजी, टेम्पोत अजून गूळ किती आहे?"