गवत वाचवणारी पाटी

फ्लेक्स आले आणि इस्लापूरच्या नजीर पेंटरला कुत्रंही विचारेना. मग नांदेडहून दीपमाला मॅडम आल्या. सहस्रकुंडच्या धबधब्याला पर्यटक यावेत आणि जंगलही टिकावं, यावर त्यांचं संशोधन चाललेलं. त्यांनी वनखात्याच्या उतारावर लावायला पाटी सांगितली: ‘दुर्मीळ गवत, तुडवू नका.’

नजीरनं जीव ओतला. अक्षरांना सावली दिली, कोपऱ्यात पिसारा फुलवलेला मोर काढला. झालं! लोक धबधब्याकडं पाठ करून मोरासोबत फोटो काढू लागले. दिवाळीपर्यंत पाटीभोवती नुसती माती उरली.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. नजीरची छाती मात्र फुगलेली.

“मॅडम, पाटी लई चालून राहिली. अजून कुठं असलं गवत उरलं असंल तर सांगा, तिथंबी एक रंगवून देतो.”