कोड्यात नसलेले शब्द

दुकान उघडलं की चष्मेवाल्या काकू आधी पेपरातलं शब्दकोडं सोडवत. मग त्यातलेच तीन शब्द घेऊन चार ओळी जुळवत आणि फोनवरून आपल्या मैत्रिणीला, मास्तरीणबाईंना ऐकवत. मास्तरीणबाईही त्याच कोड्यातले तीन शब्द उचलून उलट कविता करत. बारा वर्षं हा पोरखेळ चालला होता. फोन कानाशी धरून काकू काचा पुसत बसायच्या आणि काचांवरून उडालेलं ऊन भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यात मासोळीसारखं पोहत राहायचं.

आज मास्तरीणबाईंनी ऐकवलं, "ढगाने शिवला झगा, चांदणीची लावली गुंडी, वाऱ्याने ओढला दोरा, आभाळाला वाजली थंडी!"

"झगा, गुंडी, दोरा? आजच्या कोड्यात यातलं काहीसुद्धा नाही," काकू म्हणाल्या. "लबाडी करतेस होय गं?"

"तुझंच कोडं चुकलंय. चष्मेवाली ना तू? नीट बघ की जरा!"

काकू हसणार होत्या, पण हसू ओठांवरच थांबलं. गेल्या आठवड्यातले शब्दही असेच कुठलेकुठले होते. आणि दोन वर्षांत ही बया नंबर तपासायला दुकानाकडे फिरकली नव्हती.

त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली.

"चुकलंच गं माझं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून शब्द तूच सांगत जा. मला हल्ली ती बारीक अक्षरं दिसतच नाहीत."

पलीकडूनही पेपराची घडी घातल्याची सळसळ ऐकू आली.

"मलाही," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "येऊ का गं उद्या दुकानात?"