होडीच्या नांगराचा दोर
दादाचा गुडघा माझ्या हट्टापायी गेला, हे मी घरात कधीच कबूल केलं नव्हतं. परवा अर्नाळ्याला होड्यांजवळ नव्या नायलॉनचा वास आला आणि ती दुपार आठवली. राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या पाहुण्यांच्या गाड्या आम्ही जीपला बसवलेल्या विंचने, म्हणजे तार गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ओढून काढायचो. त्याच्या पोलादी तारेच्या कुसळांनी हात फाटायचे, म्हणून दादाने न ताणला जाणारा खास दोर मागवला होता. मला तो येईपर्यंत धीर धरवला नाही. मी होडीच्या नांगराचा नायलॉनचा दोर आणून विंचवर गुंडाळला. "हा रबरासारखा ताणला जातोय रे," दादा म्हणाला. "लाटांत होडी धरतो, मग गाडी नाही ओढणार? तू तिकडे दोराजवळ उभा राहून गाडीला लावलेला हूक बघ," मी हसत म्हणालो. दोर लांबत लांबत गेला, तटकन तुटला, आणि त्याचं टोक आसुडासारखं दादाच्या गुडघ्यावर बसलं. आईला मी सांगितलं, "दादाच मध्ये आला." खाटेवरून त्याने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आज इतक्या वर्षांनी ओटीवर त्याच्याजवळ जाऊन बसलो. "दादा, तू मध्ये आला नव्हतास. मीच तुला तिथे उभं केलं होतं. मला माफ कर."