लाईट आली की दोन रिंगा

फोन वाजला तेव्हा मी कपाटातली पुस्तकं पुसत होते आणि सवयीनं तो बंद व्हायची वाट पाहत होते. गेली काही वर्षं माझा फोन रोज कधीतरी दोन रिंगा वाजून गप्प होतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाचाही फोन आला तरी मी आधी थांबते. त्या दुपारी तिसरी रिंग झाली, चौथी झाली... उचलला तर पलीकडे मैत्री होती, मिलिंदची मुलगी. ती तिकडंच जन्मलेली, मराठी शोधून शोधून बोलते. "आत्या, बाबा गेले," एवढं मात्र ती न अडखळता म्हणाली. त्यापुढचं तिला मराठीत सांगता येईना आणि मला काही विचारता येईना.

मिलिंद माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा धाकटा. जन्म चुडाव्याचा, शाळा पूर्णेची, पुढचं शिक्षण औरंगाबादला आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं हॉलंडमध्ये. तो प्रोग्रामर होता. साठी उलटली तरी कंपनी त्याला सोडत नव्हती. बायको गेल्यावर तो एकटाच राहायचा, मैत्री दुसऱ्या गावी. तो एका जागी बसलेला मला आठवत नाही, आणि गेला तो मात्र सकाळी घरीच, कामाच्या टेबलाशी, खुर्चीत बसल्या बसल्या.

खरंच, त्याला बसता यायचं नाही. दर वर्षी थंडीत तो गावी यायचा. पहिला दिवस सगळ्यांना भेटण्यात जायचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या अंगणात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. फोनवर बोलताना चालायचा, चहा पिताना चालायचा. घरात कोंडल्यासारखं झालं की स्टेशनावर जाऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचा. त्याचे थोरले भाऊ किसनदादा, गावातली शेती तेच बघतात, ओट्यावरून म्हणायचे, "बस की जरा. जमीन काय पळून जायलीय का?" मिलिंद हसायचा, टेकल्यासारखं करायचा आणि पुन्हा उठायचा. इथं असला की तिथलं हवामान बघायचा. तिथं असला की, हळद काढली का, पूर्णेच्या गाडीची वेळ बदलली का, असल्या चौकश्या करायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं की तुला नेमकं कुठं असावंसं वाटतं. तो म्हणाला, "गाडीत, अक्का. गाडीत लय बरं वाटतं. कुणी विचारलं तर म्हणता येतं, चाललोय."

तिकडचं त्याला आवडायचं, ते तो लपवायचा नाही. "तिथं आडनाव कुणी विचारत न्हाई," एकदा पिंगळीजवळ गाडी क्रॉसिंगला थांबली असताना तो म्हणाला होता. "विचारलं तरी त्यांना उच्चारता येत न्हाई." मी म्हटलं, मग मोकळं वाटत असेल. "वाटतं की. पहिली धा वर्षं लय मोकळं वाटलं. मग एक दिवस वाटलं, आपल्याला हितं कुणी ओळखतच न्हाई... दोन्ही एकाच गोष्टीनं होतं, काय करावं सांग." तेवढ्यात गाडी हलली आणि तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

त्याचं काम काय, हे मला फार उशिरा कळलं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मला वाटायचं कॉम्प्युटरवाला म्हणजे रोज नवं काही तरी काढणारा. मिलिंदचं काम उलटं होतं. एका विमा कंपनीत फार जुने प्रोग्राम होते, लिहिणारे कधीच निघून गेलेले, त्यातले काही वारलेलेही. ते प्रोग्राम पडू द्यायचे नाहीत, एवढंच तो तीस-पस्तीस वर्षं करत आला. त्याचा एकच हट्ट होता, की माणूस गेला तरी काम अडता कामा नये. "जे यंत्र एका माणसाच्या जिवावर चालतं ते यंत्र न्हाई, अक्का. ते उपकार हायेत. आणि उपकार करणारा कधी तरी सुट्टीवर जातोच." कंपनीत हळूहळू तो स्वतःच तसा एकटा माणूस होऊन बसला होता, ते त्याला खुपायचं. अलीकडे यंत्रंच प्रोग्राम लिहून देतात, त्याबद्दल मी मागच्या खेपेला विचारलं. म्हणाला, "चांगलं लिहितंय. पण हे असं कामून लिहिलं म्हणून विचारलं की माफी मागतं आणि दुसरंच लिहून देतं. सायबापुढं उभ्या राहिलेल्या माणसागत."

रिंगा देणारी ती पेटी त्यानं बनवली किसनदादांसाठी. शेतीची लाईट एका आठवड्याला दिवसा असते, एका आठवड्याला रात्री, आणि दिलेल्या वेळेला येईलच असंही नाही. दादा विहिरीवर जाऊन ताटकळायचे. त्यांचे गुडघे गेलेले. मिलिंद ज्या देशात राहायचा तिथली जमीन समुद्राच्याही खाली. तिथं मोटारी चालतात त्या पाणी शेतातून बाहेर फेकायला. याचं त्याला भारी नवल वाटायचं. "ते पाण्याला हाकलायलेत आणि आमचा दादा पाण्याची वाट बघत बसलाय," असं म्हणत त्यानं एका सुट्टीत विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी डब्याएवढी पेटी बसवली. आत सिमकार्ड, बाहेर, नंबर लावताना लुकलुकणारा एक छोटा हिरवा दिवा. पहिल्या खेपेला त्यानं पेटीला फार शहाणं केलं होतं. लाईट आली की तीच मोटार चालू करायची. दादा पूर्णेला बाजाराला गेलेले आणि इकडं मोटार आपली आपण सुरू झाली. पाणी सरीत वळवायला कुणी नाही. शेजाऱ्यानं वाळत घातलेल्या सोयाबीनखालून पाणी वाहून गेलं. परत आल्यावर दादांनी सगळ्यांसमक्ष झाडलं त्याला. "तुला कुणी सांगितलं मोटार चालू करायला? लाईट आली एवढं मला सांग. पुढचं मी बघतो न्हवं."

मिलिंदला हे फार पटलं. पुढं कितीदा तरी, अगदी हॉलंडमधल्या मीटिंगमध्येसुद्धा, आपण हे सांगतो असं तो म्हणायचा: यंत्रानं निरोप द्यावा, निर्णय माणसाकडं राहू द्यावा. मग पेटीचं काम एवढंच उरलं. लाईट आली की एकेका नंबरावर दोन रिंगा द्यायच्या आणि पुढच्या नंबराकडं जायचं. चुडाव्याच्या शिवारात रेंज धड नसते, म्हणून रिंग गेली नाही तर जाईपर्यंत तोच नंबर लावत राहायचा.

नंबर तीन होते. तिसरा माझा. त्याचं कारण म्हणजे, हा मला फोन करत नाही अशी माझी कायमची तक्रार. "घे, आता रोज फोन येईल," म्हणत त्यानं माझा नंबर घातला. परभणीत बसून मला चुडाव्याची लाईट कळून करायचं काय? पण येत राहिला. दुसरा नंबर दादांचा, आणि पहिला त्याचा स्वतःचा. त्यासाठी त्यानं इथलं सिमकार्ड घातलेला एक जुना बटणांचा फोन तिकडं घरी, कामाच्या टेबलावर ठेवला होता. मी म्हटलंही होतं, दादांचा नंबर पहिला घाल की, पाणी त्यांना द्यायचंय.

"दोन रिंगांनी काय फरक पडतो, अक्का?"

"पण तुला तिथं बसून करायचंय काय?"

"काय न्हाई. कळलं म्हंजे बरं वाटतं."

मैत्री सांगते, तो फोन दोनदा वाजला की बाबा हातातलं काम थांबवायचे, खिडकीपर्यंत जाऊन यायचे, आणि एकच वाक्य म्हणायचे: "लाईट आली."

तिकडं सगळं उरकल्यावर चुडाव्यात किसनदादांनी घरी पुण्यानुमोदन ठेवलं. अंगणात मंडप, पांढऱ्या कापडावर मिलिंदचा फोटो, पाहुणे, शाळेतले सोबती. बुद्धवंदना चालू होती. सगळे हात जोडून बसलेले, आणि दादांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. दोन रिंगा. पाठोपाठ माझ्या पिशवीत, दोन रिंगा. दादांनी डोळे उघडले, क्षणभर फोटोकडं पाहिलं आणि उठले. माणसं बघत राहिली. "लाईट आली," असं कुणाला तरी सांगून ते चपला घालून विहिरीकडं गेले. नंतर एकदोघांनी नावं ठेवलीच. मला मात्र पूर्ण वंदनाभर एकच दिसत राहिलं... त्या बंद खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर, तो बटणांचा फोन आत्ताच दोनदा वाजला असेल.

त्यानंतर काही दिवसांनी रिंगा थांबल्या. माझ्या ध्यानात आलं, पण मी स्वतःशी म्हटलं, असेल काही बिघाड. नीट झोप लागेना, वाचायला घेतलेलं पुढं सरकेना. फोन सारखा हातात घेत होते. मग दादांचा फोन आला. "कमल, पेटी गप झालीय. लाईट येऊन जायली अन् मला पत्ता न्हाई. हळदीची पानं वळायला लागलीत." मग म्हणाले, "तिला बी कळलं का काय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला गेले. आम्ही विहिरीवर जाऊन बसलो. लाईट आली तशी पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तो विझेना. पेटी बिघडली नव्हती. ती नंबर लावत होती. लागत नव्हता म्हणून पुन्हा लावत होती. पहिला नंबर मिलिंदचा, आणि टेबलावरच्या त्या फोनची बॅटरी केव्हाच संपलेली. रिंग गेल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं त्यानंच तिला शिकवलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये हीच चूक शोधत फिरलेल्या माणसानं आपल्या भावाच्या पेटीत ती करून ठेवली होती, का तर लाईट आल्याचं आधी आपल्याला कळावं.

मी दादांना समजावून सांगितलं. पेटीला मेसेज पाठवून नंबर काढता-घालता येतात. दादा मेसेजच्या भानगडीत पडत नाहीत म्हणून मिलिंदनं ते मला शिकवलं होतं. त्याचा नंबर काढला की रिंगा तुम्हाला येतील, असं म्हटल्यावर ते ताठच झाले. "काढू? म्हंजे मी त्याला काढू?"

"दादा, नुसता नंबर आहे."

"राहू दे. मी येऊन बघत जाईन." आणि खरंच ते दिवसभर, काठी टेकत, घर ते विहीर फेऱ्या घालत राहिले. त्या फेऱ्या बघवेनात. मी मैत्रीला फोन केला. ती घर रिकामं करत होती. म्हणाली, "फोन मी चार्ज करून ठेवते ना आत्या, नेहमी." ती ठेवेलही. पण मला त्याचंच ते बोलणं आठवलं, उपकारांचं. चुडाव्याच्या हळदीचं पाणी तिकडच्या एका चार्जरवर सोडणं त्याला चाललं नसतं. दुसऱ्या बाजूला दादा होते, वाळणाऱ्या पानांपुढं हटून बसलेले. मीही त्या दिवशी अंगणात येरझाऱ्या घालत होते, आणि ते मला वहिनींनी, दादांच्या बायकोनं, सांगितलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर मी दादांना म्हटलं, "काढू नका. शेवटी टाकू. आधी तुम्हाला रिंग, मग मला, मग त्याला."

"निघत न्हाई ना मग?"

"नाही. तिथंच राहतो."

दादांनी त्या लुकलुकत्या दिव्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "धाकटाच हाय तो. शेवटीच पाहिजे व्हता. पयल्यापासून पुढं पुढं करायची सवय."

मी मेसेज पाठवला. थोड्या वेळानं पेटीचं उत्तर आलं. कोणताही मेसेज पाठवला की ती एकच उत्तर देते, त्यानं लिहून ठेवलेलं. "काय म्हनते?" दादांनी विचारलं. मी वाचून दाखवलं: "झालं, दादा." त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग ते उठून सरी फोडायला गेले, कारण लाईट अजून होती.

आता हळद हिरवी आहे असं ते सांगतात. मैत्रीनं घर सोडलं, तो फोन बंदच तिच्या बॅगेत आहे; चार्ज करायचा की नाही हे मी तिच्यावर सोडलंय, आता त्यावाचून काही अडत नाही. इथं परभणीत माझा फोन रोज कधीतरी दोन रिंगा वाजतो आणि थांबतो. पूर्वी मी तो ऐकून कामाला लागत असे. आता हातातलं पुस्तक ठेवते, उठते, खिडकीपर्यंत जाऊन येते. दादांना कळलंय, मला कळलंय, आणि तिकडं विहिरीवर पेटी तिसरा, त्याचा नंबर लावतेय... लागत नाही, पुन्हा लावतेय. लाईट जाईपर्यंत लावत राहते.